छोटं कॉलेज, ओळखीची माणसं

पुणे-सोलापूर महामार्गावरचं कुरकुंभ फिरंगाई देवीसाठी आणि रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीसाठी ओळखलं जातं. बारावीनंतर इथली अनेक मुलं तालुक्याच्या गावीच कॉलेजात जातात. तास संपला की घरची एसटी गाठायची. मग मैत्री जमणार कधी आणि पुढची वाट सुचणार कशी?

याचं एक जुनं आणि कसाला उतरलेलं उत्तर साताऱ्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली तिथं शिवाजी कॉलेज सुरू केलं. गरिबांची मुलं श्रम करून शिकू लागली. या ‘कमवा आणि शिका’ योजनेने फीचा प्रश्न सोडवलाच, शिवाय खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या मुलांमध्ये जातीपातीपलीकडचा जिव्हाळा निर्माण केला. ही कमाई फीपेक्षा मोठी होती. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांतही ही योजना आहे.

दुसरी वाट राष्ट्रीय सेवा योजनेची. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करायचं, शिवाय खेड्यात सात दिवसांचं शिबिर. सोबत स्वयंपाक, श्रमदान, गावकऱ्यांशी बोलणं. कुणाला तिथंच शिक्षक व्हावंसं वाटतं, कुणाला पाणलोटाच्या कामाची ओढ लागते.

छोट्या कॉलेजात प्राध्यापक मुलांना नावानिशी ओळखू शकतात. तेव्हा प्रवेश घेतलेल्या मित्रांनो, या योजनांसाठी नावनोंदणी कधी आहे, एवढं पहिल्याच आठवड्यात सरांना, मॅडमना नक्की विचारा.