लहानथोरांची सहल



सुटी लागली कीं घरोघरीं मुलांचा एकच हट्ट सुरू होतो: मोठ्या पाळण्यांच्या बागेंत जावयाचें. पूर्वीं हा हट्ट गांवच्या जत्रेंत पुरविला जाई. एक रहाटपाळणा, एक लाकडी घोड्यांचें चक्र आणि भेंडबत्ताशांची पुडी एवढ्यावर घरचीं सगळीं मुलें तृप्त होत. आतां मनोरंजनाचीं मोठमोठीं उद्यानें निघालीं आहेत. आमच्या कडेगांवाकडील मंडळी कऱ्हाड-साताऱ्यावरून पुणें गांठतात, पुढें बोरघाट उतरतात आणि खोपोलीजवळच्या, २०१३ सालीं सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानाला जातात. प्रवास लांबचा, खर्च मोठा आणि दिवस एकच. म्हणून जाण्यापूर्वीं थोडा विचार करावा, एवढेंच सांगण्यासाठीं आज मी आपल्यापुढें आलों आहे.

अडचण अशी कीं, घरांत मुलें एका वयाचीं नसतात. तीन वर्षांचा धाकटा, आठ वर्षांचा मधला, चौदा वर्षांची थोरली, आईबाप आणि आजी असें एक कुटुंब डोळ्यांपुढें आणा. कडेगांवच्या मोहरमांत गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात. तो श्रद्धेचा सोहळा आहे, करमणूक नव्हे. परंतु तेथें बापाच्या खांद्यावरचें मूल आणि काठी टेकून उभी असलेली आजी या दोघांनाही ताबूत सारखाच दिसतो. उद्यानांत तसें नसतें. तेथें पाळण्यापाळण्यापाशीं उंचीची खूण केलेली असते, आणि कोणी आंत जावयाचें व कोणी बाहेर राहावयाचें हें ती खूण ठरविते.

ही खूण मुलांना छळण्यासाठीं नाहीं. धांवती गाडी चढावाच्या माथ्यावरून एकदम खालीं झेपावते, तेव्हां बसणाऱ्याचा देह क्षणभर बैठकीवरून उचलला जातो. त्या क्षणीं मांडीवरचा किंवा खांद्यांवरचा अडसरच त्याला धरून ठेवतो. तो अडसर ठराविक मापाच्या देहासाठीं घडविलेला असतो. लहान मूल त्याच्या खालून निसटूं शकतें. म्हणून वय सांगून भागत नाहीं, उंचीच पाहिली जाते. कित्येक पालक मुलाला टांचा उंच करावयास सांगतात. त्यानें अपघाताला आमंत्रण मिळतें, आणि नियम चुकविण्याचा पहिला धडा मुलाला आपल्याच घरून मिळतो. त्यापेक्षां निघण्यापूर्वीं दोन दिवस भिंतीशीं उभें करून प्रत्येकाची उंची मोजावी, उद्यानाचे नियम पाहावे आणि कोणाला कशांत बसतां येईल तें सर्वांदेखत सांगावें. दारांत होणारें रडणें घरींच आटोपतें.

दुसरी गोष्ट क्रमाची. सकाळीं रांगा लहान असतात आणि पोट हलकें असतें. म्हणून वेगाचे व उंचीचे पाळणे तेव्हांच उरकावे. डोळ्यांना दिसणारी गति आणि कानाच्या आंतल्या तोलाच्या इंद्रियाला जाणवणारी गति यांचा मेळ बसत नाहीं, तेव्हां माणसाला मळमळतें. भरल्या पोटीं तर अधिकच. जेवणानंतरचा तास सावलींतला ठेवावा. त्या वेळीं धाकट्यानें झोपावें, आजीनें पाय पसरावे आणि बाकीच्यांनीं एखादा बसून पाहावयाचा खेळ पाहावा. पाण्याचे खेळ उन्हें कलण्यापूर्वीं आटोपावे व कोरडे कपडे जवळ असावे. रविवार किंवा सणाची सुटी टाळून मधला वार धरला तर गर्दी कमी लागते. पावसाळ्यांत विजा चमकूं लागल्या कीं उघड्यावरचे पाळणे थांबवावे लागतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

तिसरी गोष्ट गर्दीची. आंत जातांच ठळक दिसणारी एक जागा निश्चित करावी व चुकामूक झाल्यास तेथें यावयाचें असें ठरवावें. लहानग्याच्या खिशांत आईबापांचा दूरध्वनि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. सकाळीं निघतांना अंगावरच्या कपड्यांसह त्याचें एक छायाचित्र मोबाइलवर घ्यावें. घाबरलेल्या आईला मुलाच्या सदऱ्याचा रंग आठवत नाहीं. चुकलेल्या मुलानें शोधीत फिरूं नये, जागच्या जागीं थांबावें आणि गणवेशांतल्या माणसाला सांगावें, हें त्याला आधींच शिकवून ठेवावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों, आणि ती पैशाची नव्हे व पाळण्याचीही नव्हे. अशा सहलीचा भार बहुधा घरच्या थोरल्या मुलीवर पडतो. बाप मधल्याला घेऊन रांगेंत उभा राहतो, आई डबे व पिशव्या सांभाळते, आणि धाकट्याला थोरलीच्या कडेवर दिलें जातें. ती कांहीं बोलत नाहीं. सर्वजण तिला समजूतदार म्हणतात, आणि त्या एका शब्दाच्या मोबदल्यांत तिचा दिवस घेतात. आयुष्यभर शाळेच्या सहली नेतांना मीं पाहिलें आहे: हट्ट करणाऱ्या मुलाची इच्छा सर्वांना ठाऊक असते, न बोलणाऱ्याची कोणीच विचारीत नाहीं.

यावर उपाय साधा आहे. घरींच प्रत्येकानें आपल्या हक्काची एक गोष्ट निवडावी. ती कोणीही बदलूं नये. धाकट्याची घोड्यांची फेरी, मधल्याची नौका, थोरलीची सर्वांत उंच गाडी, आणि आजीचीही कांहीं आवड असेल ती. आईबापांनीं पाळी लावावी: एक रांगेंत, एक धाकट्यापाशीं, नंतर अदलाबदल. बऱ्याच उद्यानांत अशा दुसऱ्या पालकाला पुन्हां रांग लावावी लागत नाहीं. तशी सोय आहे काय हें दारावर विचारावें. थोरलीला निदान दोन तास मोकळे द्यावे. खर्चाला ठराविक रक्कम प्रत्येकाच्या हातीं द्यावी. आपल्या हातचे पैसे असले म्हणजे मूल दुकानापुढें हट्ट न करतां हिशेब करूं लागतें.

वॉल्ट डिस्ने यांनीं सांगून ठेवलें आहे कीं, आपल्या मुली चक्रावर फिरत असतां आपण बाकावर नुसते बसून राहत असूं, आणि त्यांतूनच आईबाप व मुलें मिळून रमतील असें स्थळ असावें हा विचार सुचला. १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांत त्यांचें डिस्नेलँड उघडलें. त्याच्याही आधीं, १८९३ सालीं, शिकागोच्या प्रदर्शनांत फेरिस नांवाच्या अभियंत्यानें २६४ फूट उंचीचा रहाटपाळणा उभारला. त्याला ३६ कोठड्या होत्या व एकेकींत ६० माणसें मावत. आजोबा, नात, सून सगळींच एका कोठडींत बसूं शकत. यंत्र कितीही मोठें असो, त्याचें सार्थक माणसें एकत्र बसण्यांत आहे.

ज्यांना लांबचा खर्च झेपत नाहीं त्यांनीं उदास होऊं नये. आपल्या देवराष्ट्राजवळ सागरेश्वराचें अभयारण्य आहे. एके काळच्या उघड्या डोंगरावर माणसांनीं झाडें लावून तें उभें केलें आणि १९८५ सालीं त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथें चितळ, सांबर व काळवीट आहेत. तेथें उंचीची अट नाहीं. मोठ्या सहलीपूर्वीं एक दिवस तेथें काढला तर कोण किती चालतें, कोणाला केव्हां भूक लागते, कोण गप्प बसून सोसतें, हें सारें कळून येतें.

शेवटीं एवढेंच. सर्व पाळणे पदरांत पाडून घेण्याच्या नादांत दिवस ताणूं नये. मुलें हंसत आहेत तोंवरच बाहेर पडावें. आणि परतीच्या वाटेवर गाडींत, सर्वांत कमी बोललेल्या मुलाला प्रथम विचारावें कीं, बाळ, तुला काय आवडलें? त्याला सांगण्यासारखें कांहीं असेल तर सहल साधली असें खुशाल समजावें.