झेंडेवाला वैरी नव्हे

श्रोतेहो, आमच्या पोशीरकडं मोटारसायकलचं वेड असलेली पोरं आहेत. नेरळ-कळंब रस्त्यावर वेग दाखवण्यापेक्षा त्यांनी शर्यतीच्या मार्गावर जावं, हे बरं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० साली असा मार्ग सुरू झाला. एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची.

पण तिथं गेलेला हौशी गडी आधी भांडतो तो फाटकावरच्या रखवालदाराशी! ‘माझ्या दोस्ताला आत का सोडत नाही?’ अहो, गाड्या सुटल्यावर आत शिरलेला बघ्या जिवानिशी जाईल. बैलगाडा शर्यतीत धावपट्टीवर शिरणाऱ्याला गावकरीच मागं ओढतात ना? तसंच हे.

वळणावरचा झेंडेवाला तर त्याहून मोलाचा. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका, कुणाला मागं टाकू नका. तांबडा म्हणजे शर्यत थांबली. पडलेल्या गड्याकडं त्याचा साथीदारच धावतो. पिवळ्याकडं काणाडोळा करणारा तेव्हा दोघांचे जीव धोक्यात घालतो.

तेव्हा गुरुजी, पोरांना एवढं सांगा : फाटकावर रामराम करा, झेंडे आधी पाठ करा, आणि निघताना त्या माणसांचे आभार माना. तुम्ही धडधाकट घरी येता, त्यात त्यांचाही वाटा असतो.