पुट्टीखालची भोकं: घरच्या मिग वेल्डिंगमधला गॅस



टेबलावर हा लोखंडाचा तुकडा ठेवलाय, तो कॅमेऱ्याजवळ आणतो. ही झोपाळ्याच्या कडीची पट्टी आहे. पाईपवरून ती इथून उखडली. तुटलेली बाजू नीट बघा. इथे घट्ट करडं लोखंड दिसायला हवं होतं, पण दिसतेय ती बारीक भोकांची जाळी. आंबोळीला अशी जाळी पडली तर आपण करणाऱ्याचं कौतुक करतो. वेल्डला पडली तर काय होतं, ते आज सांगतो.

हा झोपाळा मी आईसाठी केला होता, घरामागच्या शेडमध्ये, माझ्या २०० अँपिअरच्या छोट्या मिग मशीनवर. रंग दिला, गादी टाकली, अंगणात उभा केला. तीन आठवड्यांनी संध्याकाळी आई त्यावर बसलेली असताना एका बाजूची कडी निघाली. झोपाळा जमिनीपासून दीड फूटच वर होता, म्हणून मनगटावर निभावलं. सहा आठवडे प्लास्टर होतं.

आता जे सांगायला मला जड जातं ते सांगतो. ती भोकं मला आधी दिसली होती. वेल्ड करताना टाचणीच्या टोकाएवढी चार-पाच भोकं वर आली होती. मी ग्राइंडर फिरवला, पुट्टी भरली आणि रंग मारला. कडी हाताने ओढून बघितली, हलली नाही. झालं काम, म्हटलं.

मशीन कोणतं घ्यावं, अँपिअर किती ठेवावेत, यावर भरपूर बोललं जातं. गॅस डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो चालू केला की आपण विसरून जातो. माझी चूक तिथेच झाली.

आधी गॅसचं काम काय ते बघू. वितळलेलं पोलाद साधारण दीड हजार अंशांवर असतं. आजूबाजूच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. एवढं तापलेलं लोखंड हे वायू पिऊन घेतं. थंड होताना ते त्याला पोटात ठेवता येत नाहीत, मग ते बुडबुडे होऊन बाहेर निघतात. काही वरपर्यंत पोचतात, ती आपल्याला दिसणारी भोकं. बाकीचे वाटेतच गोठतात. म्हणजे वर चार भोकं दिसली तर आत चाळीस असू शकतात. माझ्या पट्टीत तसंच होतं.

रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉडवरचा लेप जळून स्वतःच धुराचं आणि मळीचं पांघरूण तयार करतो. बिनगॅसच्या वायरमध्ये तोच मसाला वायरच्या पोटात भरलेला असतो. मिगची साधी भरीव वायर मात्र उघडी असते. तिचं पांघरूण म्हणजे नोझलमधून येणारा गॅस, दुसरं काही नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: बिनगॅसच्या वायरवरून भरीव वायरवर येताना मशीनमधली जोडणी उलटी करावी लागते. भरीव वायर आणि गॅस असेल तर टॉर्च पॉझिटिव्हला. बहुतेक बिनगॅसच्या वायरला टॉर्च निगेटिव्हला. हे विसरलात तर आर्क फडफडतो, छिटे उडतात आणि आपण उगाच गॅसला दोष देत बसतो.

गॅस कोणता? मिगची सुरुवात अमेरिकेत १९४८ साली झाली, ती अॅल्युमिनियमसाठी आणि आर्गॉनसारख्या महाग निष्क्रिय वायूवर. १९५३ मध्ये सोव्हिएत संघातल्या ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव्ह यांनी कार्बन डायऑक्साइड वापरून पोलाद जोडलं आणि ही पद्धत स्वस्त झाली. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाले या मशीनला सरळ ‘सीओटू मशीन’ म्हणतात, ते त्यामुळेच. पण हा वायू निष्क्रिय नाही. आर्कच्या उष्णतेत त्यातला काही भाग फुटून कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन होतो. त्या ऑक्सिजनला आवरण्यासाठी आपल्या नेहमीच्या ईआर ७० एस-६ वायरमध्ये मँगनीज आणि सिलिकॉन घातलेलं असतं. वेल्डवर जे काचेसारखे तपकिरी ठिपके दिसतात, ते त्याचंच उरलेलं.

साध्या लोखंडासाठी घरी दोन पर्याय. निव्वळ कार्बन डायऑक्साइड: स्वस्त, वेल्ड खोल शिरतो, छिटे जास्त. किंवा ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण: आर्क मऊ, छिटे कमी, पातळ पत्र्यावर काम सोपं, पण खर्च जास्त. अॅल्युमिनियमला शुद्ध आर्गॉन लागतो. मित्राकडे टिगचा आर्गॉन पडून आहे म्हणून तो लोखंडावर मिगला लावू नका. वेल्ड उंच आणि अरुंद बसतो, कडा नीट धरत नाहीत.

मी कार्बन डायऑक्साइड वापरतो. त्याच्या सिलिंडरचा स्वभाव वेगळा आहे. आर्गॉन सिलिंडरमध्ये नुसता दाबून भरलेला असतो, वापरू तसा काटा खाली येतो. कार्बन डायऑक्साइड आत द्रव असतो. २० अंशांना काटा साधारण ५७ बार दाखवतो आणि द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत तिथेच राहतो. काटा बघून ‘अजून भरपूर आहे’ म्हणालात तर फसाल. ३१ अंशांच्या वर तर आत द्रव उरतच नाही. मी बडोद्याला राहतो. मे महिन्यात शेड ४० अंशांच्या पुढे जाते आणि काटा भलतंच काही सांगतो. म्हणून मी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन गळ्याजवळ ठोकलेलं असतं, ते वजा केलं की गॅस कळला. १ किलोत साधारण ५३५ लिटर वायू. मिनिटाला १० लिटर वापरला तर जवळपास ५३ मिनिटं आर्क चालतो. सिलिंडर उन्हात मात्र कधीच ठेवू नका.

द्रवाचा वायू होताना उष्णता ओढली जाते, म्हणून रेग्युलेटर गारठतो. सलग काम केलं तर त्यावर बर्फ धरतो आणि गॅस अडकत अडकत येतो. त्यासाठी हीटर असलेला रेग्युलेटर मिळतो. तो नुसता बसवू नका, त्याची वायर प्लगला जोडा. माझा हीटर पहिले दोन महिने जोडलेलाच नव्हता.

आणि आग विझवायचा जुना सिलिंडर स्वस्तात मिळाला तर मोह आवरा. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, म्हणजे उभा ठेवला तरी त्यातून द्रवच बाहेर येतो. रेग्युलेटरमध्ये द्रव शिरणं धोक्याचं. वेल्डिंगसाठीचा, चाचणीची तारीख उलटून न गेलेला सिलिंडर घ्या आणि तो भिंतीला साखळीने बांधा.

आता माझ्या झोपाळ्याकडे परत येतो. नंतर शेडमध्ये बसून मी शोध घेतला. सिलिंडरमध्ये गॅस होता. फ्लोमीटर १२ लिटर दाखवत होता आणि ०.८ मिलिमीटर वायरला घरात १० ते १२ पुरतात. जोडांवर साबणाचं पाणी लावलं, कुठे फुगे आले नाहीत. नोझल काढलं, तर आत छिट्यांचा कडा जमून अर्धी वाट बंद. हे पहिलं कारण. नोझल साफ करून तुकडे जोडले. भोकं कमी झाली, गेली नाहीत.

मग लक्षात आलं की घामाने निथळत होतो म्हणून पाठीमागे टेबलफॅन चालू होता. झोपाळा केला तोही मे महिनाच होता, तेव्हाही पंखा चालू होता. पंखा बंद केला आणि त्याच सेटिंगवर पुन्हा जोडलं. वेल्ड स्वच्छ. ताशी साधारण ८ किलोमीटरचा वारा गॅसचं पांघरूण उडवायला पुरतो. एवढी झुळूक अंगाला तर छान वाटते.

‘मग गॅस वाढवू’ हा विचार मलाही सुचला. २५ लिटरवर नेला तर भोकं परत आली. गॅस फार जोरात सुटला की तो नोझलबाहेर घुसळतो आणि आजूबाजूची हवा आत ओढून घेतो. थोडी झुळूक असेल तर १५ पर्यंत ठीक. त्यापुढे वाऱ्यालाच आडोसा करा. मी प्लायवूडचे दोन तुकडे बिजागरीने जोडून एक आडोसा केलाय. पंखा आता दुसऱ्या टोकाला, माझ्यापासून दूर, धूर बाहेर फेकायला असतो. आणि उन्हाळ्यात मी सकाळी सहा ते आठ काम करतो. वाराही कमी, जीवही शांत. गच्चीवर, मोकळ्यावर काम असेल तर गॅसचा हट्ट सोडून रॉड किंवा बिनगॅसची वायर घ्यावी.

हाताच्या सवयीही तपासा. टिपपासून वायर १० ते १२ मिलिमीटरच बाहेर असावी. टॉर्च १०-१५ अंशांपेक्षा जास्त तिरका धरला की एका बाजूने हवा शिरते. आणि वेल्ड संपला की टॉर्च लगेच उचलू नका. मशीन नंतर क्षणभर गॅस सोडतं, तो शेवटच्या डबक्यावर पडू द्या. गंज, तेल, रंग आधी घासून काढा. तेही बुडबुडे करतात. मात्र ब्रेक साफ करायचा क्लोरीनवाला स्प्रे वापरून वेल्ड करू नका. आर्कमध्ये त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

पंखा बंद, आडोसा लावलेला, यातून दुसरा धोका येतो, आणि तो हातातल्या पट्टीपेक्षा मोठा आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो, खाली साचतो. माझी शेड ३ मीटर बाय ४ मीटर, उंची ३ मीटर. म्हणजे ३६ हजार लिटर हवा. तासभर मिनिटाला १० लिटर सोडला तर ६०० लिटर, दोन टक्क्यांच्याही आत. दार उघडं असेल तर चिंता नाही. पण ९ किलोचा भरलेला सिलिंडर रात्रभर गळून बंद शेडमध्ये रिकामा झाला तर? जवळपास ४,८०० लिटर, म्हणजे १३ टक्के. १० टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. सकाळी दार उघडून आत जाणारा कोण असेल, ते सांगता येत नाही. आमच्याकडे झाडू आणायला आईच जाते. म्हणून काम संपलं की रेग्युलेटरवर न थांबता सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि सकाळी आधी दार सताड उघडून थोडं थांबायचं. तळघरात किंवा झोपायच्या खोलीला लागून सिलिंडर ठेवूच नका.

शेवटी तपासणी. आता मी कोणत्याही कामाआधी त्याच जाडीचे दोन तुकडे टी आकारात, एकाच बाजूने जोडतो. मग व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वेल्डच्या बाजूला मोडतो आणि तुटलेली बाजू बघतो. दहा मिनिटांचं काम आहे. करडं आणि घट्ट दिसलं तर पुढे जायचं, जाळी दिसली तर थांबायचं. मुख्य कामात भोक दिसलंच, तर तो भाग ग्राइंडरने खोलपर्यंत काढून पुन्हा वेल्ड करायचा. पुट्टीचा डबा मी शेडमधून हलवलाय.

आणि एक मर्यादा मी स्वतःला घातली आहे. कुंड्यांचा स्टँड, फाटकाची कडी, कामाचं टेबल घरी करतो. ज्यावर माणसाचा भार टांगलेला असतो, ते काम अनुभवी फॅब्रिकेटरकडे देतो. नवा झोपाळा तसाच करून घेतला. त्याच्या शेजारी उभं राहून बरंच शिकलोही.

नवा झोपाळा आला त्या दिवशी आई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. कड्या हाताने चाचपल्या. मग मला म्हणाली, “रंग तुझाच चांगला होता रे.”

तुमच्या पुढच्या वेल्डवर भोक दिसलं, तर रंगाच्या डब्याकडे हात जाण्याआधी पंखा कुठे आहे ते बघा.