हवेतील वीज आणि घरगुती मोटर
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या आनंदप्रसंगी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. विषय मात्र मी निवडलेला नाही. तो आपल्या मंडळातील एका नववीतल्या मुलाने दिला. गेल्या महिन्यात त्याने मला विचारले, "काका, हवेतच वीज आहे, तर मग आपण विजेचे बिल का भरायचे?" प्रश्न बाळबोध वाटेल, परंतु हवेतून वीज काढून घर उजळणाऱ्या एका यंत्रासाठी त्याचे वडील कोणा विक्रेत्याला आगाऊ रक्कम द्यायला निघाले होते. तेव्हा उत्तर नीट देणे भाग होते.

हवेत वीज आहे, हे खरेच. आकाश निरभ्र असतानाही जमिनीपासून वर जाताना दर मीटरला सुमारे 100 व्होल्टचा फरक पडत जातो. जगभर गडगडणारे मेघ पृथ्वी आणि वातावरणाचा वरचा थर यांच्यामध्ये अडीच ते तीन लाख व्होल्टचा फरक टिकवून ठेवतात. मग गंगेच्या घाटावर उभे असताना आपल्याला झटका का बसत नाही? आपले शरीर वाहक असल्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत एकच दाब राहतो, आणि हवेतून वाहणारा प्रवाह तर नगण्य असतो.

या अल्पशा विजेने चाक फिरते, हेही खरे. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिनने स्थिर विजेवर फिरणारे चक्र केले होते. पुढे चुंबकाच्या मोटरी आल्या आणि हा प्रकार मागे पडला. 1970 नंतरच्या काळात अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्राध्यापक ओलेग जेफिमेन्को यांनी उंच अँटेनाच्या साहाय्याने हवेतील विजेवर अशा मोटरी फिरवून दाखविल्या आणि 1973 मध्ये त्यांवर पुस्तकही लिहिले.

तशी मोटर आपल्या घरीही होते. प्लॅस्टिकच्या हलक्या पेल्याला आतून चकचकीत कागद लावावा, आणि तो उभ्या सुईच्या टोकावर पालथा ठेवावा. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन उभ्या पट्ट्या अशा बसवाव्यात, की त्यांच्या धारदार कडा पेल्याला जवळजवळ टेकतील. एक पट्टी तारेने रिकाम्या डब्याला जोडावी, दुसरी हातात धरावी. प्लॅस्टिकची नळी लोकरी कापडाने घासून डब्याजवळ नेली, की पट्टीच्या धारेवरून भार पेल्यावर उतरतो. सजातीय भार पेल्याला दूर लोटतो, समोरची पट्टी त्याला ओढते, आणि पेला गरगर फिरू लागतो. हा खेळ मात्र पौष-माघात करावा. बंगालच्या आषाढात हवा इतकी दमट असते, की भार साठण्याआधीच निसटून जातो.

आता हिशेब करू. निरभ्र हवेतून खाली येणारा प्रवाह दर चौरस मीटरला अवघा सुमारे 2 पिकोअँपिअर असतो. सोप्या भाषेत, एका संपूर्ण चौरस किलोमीटरवर मिळून अवघा 2 मायक्रोअँपिअर. एवढ्या भूभागावर दहा मीटर उंचीपर्यंतची सारी वीज गोळा केली, तरी हाती येतात फक्त 2 मिलिवॉट. एक लहानसा एलईडी लावायलाही सुमारे 60 मिलिवॉट लागतात. म्हणजे एका ठिपक्याएवढ्या दिव्यासाठी तीस चौरस किलोमीटर जमीन! उलट दुपारच्या कडक उन्हात एकाच चौरस मीटरवर सुमारे 1000 वॉट पडतात, आणि सौरपट्टी त्यातील पाचवा हिस्सा सहज देते.

कोणी म्हणेल, मग कडाडणारी वीज का पकडू नये? एका विजेत साधारणतः 280 युनिट ऊर्जा असते, म्हणजे एका कुटुंबाच्या दोन-अडीच महिन्यांचा खर्च. पण ती कोठे पडेल ते ठाऊक नसते, पडते ती निमिषार्धात, आणि बहुतेक ऊर्जा उष्णता नि गडगडाट यांतच जाते. शिवाय ती जीव घेते. 1753 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमन नावाचा शास्त्रज्ञ मेघांची वीज मोजताना मृत्युमुखी पडला.

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही. लहानपणी याच बराकपुरात मी आणि एका मित्राने गच्चीवर बांबूला तार बांधली होती. चैत्राची संध्याकाळ, वायव्येकडून कालबैशाखीचा काळा ढग चढत होता. तारेचे टोक खिळ्याजवळ नेताच निळसर ठिणगी उडाली. आम्ही आनंदाने नाचलो! आई जिन्यातून ओरडली, म्हणून खाली पळालो. काही मिनिटांतच शेजारच्या ताडावर वीज पडली. आईची ती हाक आजही मला ऐकू येते.

मोजायचेच असेल, तर ते शास्त्राने मोजावे. कलकत्त्यात गणित शिकविलेले सुधांशुकुमार बॅनर्जी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले, आणि तेथे त्यांनी डोक्यावरील मेघांच्या विद्युत्क्षेत्राचा अभ्यास केला. बंगालचा माणूस आपल्या मुंबईत मेघ वाचत होता. आज आपण महाराष्ट्राची माणसे बंगालच्या मेघांखाली राहतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे मोबाईलवरील साधन तयार केले आहे. ते प्रत्येक घरात असावे. गडगडाट ऐकू येताच गच्ची, मैदान आणि घाट सोडून पक्क्या घरात यावे. झाडाखाली थांबू नये.

त्या मुलाच्या वडिलांनी पैसे दिले नाहीत. मुलाने मात्र मोटर केली. ती बाहेर मेजावर ठेवली आहे. तिच्याने पंखा फिरणार नाही, दिवा लागणार नाही. पण तिने एका घराला फसवणुकीतून वाचविले आणि एका मुलाला हिशेब करायला शिकविले. जाताना आपण सर्वांनी ती अवश्य पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.