औषधपेटी आणि जंगल

आरोग्यसेवक घडविताना जंगल अभ्यासक्रमाबाहेर ठेवणे भामरागडात तरी परवडणारे नाही. हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प उभा आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ने खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकवून आरोग्यदूत केले. शिक्षण गावापर्यंत पोहोचते, हे सिद्ध झाले. प्रश्न आशयाचा आहे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवितात. आग पसरली की रोपे जळतात, आणि पुढच्या पिढीचे अन्न घटते. लोहगोळ्या वाटणाऱ्या विद्यार्थिनीला हे कळले पाहिजे. मात्र सारा दोष माडियांच्या माथी मारणे हा शहरी अप्पलपोटेपणा होय. शेजारच्या एटापल्लीत सुरजागडचा डोंगर लोहखनिजासाठी खोदला जात आहे. तोही वर्गात शिकविला जावा. २००६ च्या वनहक्क कायद्याची प्रत औषधपेटीत ठेवा, आणि ग्रामसभेतील हजेरी प्रशिक्षणात धरा.