सरकार आधी की शेतकरी आधी?

(भवानीनगर येथील बैठकीतील भाषण)



तहसील कचेरीची पायरी चढताना आपले हात आपोआप जोडले जातात. जणू सरकार आधी जन्मलं आणि त्यानं मेहेरबानी म्हणून आपल्याला रान दिलं. हे खरं आहे का? याचं उत्तर याच इंदापूर तालुक्यात आहे.

शेतकीची पदवी घेताना मी जमिनीची प्रतवारी शिकलो. तिच्यामागं इथल्या शेतकऱ्याची कहाणी आहे, हे पुस्तकात नव्हतं. पेशवाई 1818 साली बुडाली. पुढं प्रिंगल साहेबानं मोजणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सारा ठरवला. कागदावर हिशोब चोख होता, जिरायत रानाला मात्र तो झेपेना. शेतकऱ्यांनी औतं सोडली. कित्येक जण बिऱ्हाड उचलून निजामाच्या हद्दीत गेले. रानं पड राहिली, वसुली आटली. अखेर 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इथंच सारा उतरवला आणि 30 वर्षांसाठी बांधून दिला.

बंदुका सरकारकडंच होत्या. पण बंदुकीनं ज्वारी पिकत नाही. इंग्लंडचा जॉन लॉक 17 व्या शतकातच सांगून गेला होता: माणूस आणि त्याच्या कष्टाची मिळकत आधी, सरकार नंतर. ती मिळकत राखायला लोकांनी सरकार नेमलं. ते चालतं लोकांच्या संमतीवर.

मुदत संपताच 1867 साली सारा पुन्हा चढला. त्याच सुमारास अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता. 1875 साली शेजारच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. 1879 साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

आज पळून जायला निजामाची हद्द नाही. म्हणून हक्क घटनेत लिहिलेले हवेत. 1950 साली मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. 1951 साली नववं परिशिष्ट आलं, त्यातल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येईना. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीनं तो हक्क मूलभूत राहिलाच नाही. उरलं कलम 300-अ: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येणार नाही.

हत्यार लहान आहे, पण आपल्या हातात आहे. उद्या बांधावर कुणी खुंट रोवायला आला, तर हात जोडू नका. विचारा, कोणत्या कायद्यानं? आणि उत्तर लेखी मागा.