थेंब थांबले, माज नाही



परवा एक आजी भिंतीवरचं कॅलेंडर काढून थेट दवाखान्यात घेऊन आल्या. दुधाच्या खाड्यांशेजारी लाल पेन्सिलीनं १० फुल्या मारलेल्या. त्यांची कुत्री चंपी माजावर आली, तेव्हापासून फरशीवर रक्ताचा थेंब दिसला की त्या तारखेला फुली. अकराव्या दिवशी थेंब दिसेनात, तेव्हा आजींनी तिला अंगणात मोकळं सोडलं. आता चंपीचं पोट दिसू लागलं होतं. "डॉक्टर, एवढं जपलं, मग ही गाभण राहिलीच कशी?"

आजींचा हिशेब चोख होता, समजूत चुकली होती. कुत्रीचं रक्त म्हणजे बाईची पाळी, असं आपण धरून चालतो. बाईला दिवस राहिले नाहीत की पाळी येते. गाईला रक्ताचा डाग दिसलाच, तर माज उलटून गेल्यावर एक-दोन दिवसांनी. कुत्रीच्या बाबतीत मात्र रक्त आधी आणि खरा माज नंतर. फरशीवरचा पहिला थेंब ही फक्त वर्दी असते.

पहिले साधारण ९ दिवस तयारीचे. मागची जागा सुजते, कुत्री सारखी चाटत बसते, जागोजागी थोडी थोडी लघवी करते. फाटकाशी नर जमतात, पण ती त्यांच्यावर गुरगुरते. पुढचे साधारण ९ दिवस खऱ्या माजाचे. रक्ताचा रंग मांस धुतलेल्या पाण्यासारखा फिकट होतो, काहींचं थांबतंही. शेपटीच्या मुळाशी हात ठेवलात, तर ती शेपूट बाजूला घेऊन स्थिर उभी राहते. गाभण राहते ती याच दिवसांत. हे टप्पे कुणाचे तीन-चार दिवसांत संपतात, कुणाचे दोन आठवडे लांबतात. शिवाय नराचं बीज तिच्या पोटात पाच-सहा दिवस जिवंत राहू शकतं. या काळात दोन नर लागले, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लंही होतात. गाभणपण साधारण ६३ दिवसांचं.

लहान जातीची कुत्री सहाव्या महिन्यापासून माजावर येऊ शकते, मोठ्या जातींना वर्ष-दीड वर्षही लागतं. पुढे बहुतेक दर सहा-सात महिन्यांनी. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणून तर भादवा बदनाम झाला. घरातली कुत्री पंचांग बघत नाही, ती कुठल्याही महिन्यात माजावर येते. आणि बाईसारखं पाळी जाण्याचं वय तिला नसतं. म्हातारपणीही माज येत राहतो.

माजानंतरचे दोन महिनेही जपण्याचे. काही कुत्र्यांना गाभण नसताना पान्हा फुटतो. त्या कोपऱ्यात चिंध्या गोळा करतात, चप्पल नाहीतर बाहुली कुशीत घेऊन बसतात. हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. दूध पिळून काढू नका, पिळलं की आणखी येतं.

दुसरा प्रकार जिवावरचा. माजानंतर महिना-दोन महिन्यांनी गर्भपिशवीत पू होतो. कुत्री खात नाही, पाण्याचं भांडं पुन्हा पुन्हा रिकामं करते, ओकते, मलूल पडते. मागून पू आला, तर निदान कळतं तरी. पिशवीचं तोंड बंद असलं, तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्री दवाखाना शोधा. माज टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनांनी हा धोका वाढतो, म्हणून तो स्वस्त उपाय मी सांगत नाही.

पिल्लं नको असतील, तर ऑपरेशन हाच खात्रीचा मार्ग. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मग तब्येत चांगली राहते' याला काही आधार नाही. उलट लवकर ऑपरेशन झालं, तर स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो आणि पिशवीत पू होण्याची भीती जवळपास संपते. मोठ्या जातींत सांध्यांचा विचार करून थोडं थांबावं लागतं, ते वय तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा. माज येऊन गेला असेल, तर पुढे दोन-तीन महिन्यांनी ऑपरेशन करणं बरं.

आजींचं कॅलेंडर मात्र प्रत्येक घरात हवं. पहिला थेंब दिसला, त्या तारखेला गोल करा. तिथून निदान २१ दिवस कुत्रीला साखळीशिवाय दाराबाहेर सोडू नका, थेंब दिसोत की न दिसोत. आणि त्यानंतर दोन महिने रोज तिचं पाण्याचं भांडं बघत जा.